घरच्या दुरुस्तीनंतर गाडी स्लोला थांबत नाही, इंजिनातून आवाज येतो: नेमके काय तपासावे?

सकाळी कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग घासला, आलाच आहे हात तर टॅपेटही पाहून घेतले. दुपारी गाडी सुरू झाली; पण चोक काढला की बंद पडते, किंवा रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, किंवा हेडमधून सकाळपर्यंत नसलेली टिकटिक ऐकू येते. घरी दुचाकीची देखभाल करणाऱ्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो 'एखादा पार्ट गेला असणार' हा. मग कॉइल बदलली जाते, सीडीआय बदलला जातो, कधी कधी अख्खा कार्बोरेटर नवा येतो आणि तक्रार तशीच राहते. प्रत्यक्षात जी तक्रार दुरुस्तीपूर्वी नव्हती आणि नंतर आली, तिचे कारण बहुतेक वेळा हात लागलेल्या भागातच असते: राहून गेलेली नळी, चिमटलेले रबर, उलटी बसलेली चकती, अर्धवट आवळलेला नट. त्यामुळे शोधाची सुरुवात नव्या पार्टपासून न करता, काय काय उघडले होते ते आठवून कागदावर लिहिण्यापासून करावी. कार्बोरेटर काढताना एअर फिल्टरची क्लिप सैल केली होती, पेट्रोलची नळी काढली होती, केबल सोडवली होती. ही सगळी 'हात लागलेली' ठिकाणे आहेत, जरी दुरुस्ती फक्त कार्बोरेटरची असली तरी.

पुढील माहिती मुख्यतः 100 ते 150 सीसीच्या, हवेने गार होणाऱ्या, कार्बोरेटरच्या मोटरसायकलींना लागू होते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष आल्यावर नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा जवळजवळ पूर्णपणे फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण त्याआधीच्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि घरी उघडल्या जातात त्या बहुधा याच.

इंजिन लगेच बंद करावे असे प्रसंग

काही लक्षणे दिसल्यावर 'जरा चालवून पाहू' हा मोह टाळलेलाच बरा. इंजिनाच्या खालच्या भागातून जड ठकठक येत असेल आणि रेसबरोबर ती वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची शंका घ्यावी. नुकतेच ऑइल बदलले असेल तर त्याआधी ऑइल खरोखर भरले आहे का, हे पाहावे. जुने ऑइल काढून नवे ओतायचे राहून जाणे ही वाटते तितकी दुर्मीळ चूक नाही. ऑइलविना इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते.

दुसरे लक्षण म्हणजे ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येणे आणि पातळी भरली होती त्यापेक्षा वर दिसणे. कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई नीट बसली नसेल आणि पेट्रोलचा कॉक चालू राहिला असेल, तर रात्रभरात पेट्रोल झिरपत इंजिनात उतरते. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि पिस्टन यांना पुरेसे वंगण देत नाही. इथे ऑइल पुन्हा बदलण्याला पर्याय नाही, आणि सुई दुरुस्त केल्याशिवाय नवे ओतण्यात अर्थ नाही.

तिसरे, सुरू होताच रेस आपोआप चढणे. याबद्दल पुढे येईल, पण दुरुस्तीनंतरचा पहिला स्टार्ट नेहमी गाडी मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवून, हात चावीजवळ ठेवून करावा.

स्लो जुळवताना इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू राहते. ते बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या पार्किंगमध्ये चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होऊ लागते तेव्हा माणूस दिवसभराच्या थकव्याला दोष देतो. गाडी बाहेर, मोकळ्या हवेत काढावी.

स्लो म्हणजे इंजिनाची नाजूक अवस्था

मेकॅनिक ज्याला 'स्लो' म्हणतात ते आयडलिंग. मूठ पूर्ण सोडलेली असताना इंजिन स्वतःला जेमतेम फिरवत ठेवते. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत हा वेग मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास, शंभर इकडे-तिकडे, ठेवलेला असतो. या वेळी हवेचा मुख्य मार्ग जवळजवळ बंद असतो. पेट्रोल येते ते पायलट जेट नावाच्या पितळी तुकड्यातून. या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते.

म्हणूनच गाडी रस्त्यावर साठच्या वेगाने व्यवस्थित पळते आणि सिग्नलला बंद पडते, यात विसंगती काही नाही. वेगात काम करणारा मेन जेट वेगळा, स्लोला काम करणारा पायलट जेट वेगळा. शिवाय मोठ्या रेसला थोडी जास्तीची हवा कुठून शिरली तरी फरक जाणवत नाही. स्लोला मात्र तेवढ्याच हवेने मिश्रण बिघडते. कॉम्प्रेशन थोडे कमी असले, प्लगची ठिणगी अशक्त असली, तरी त्याची पहिली खूण स्लोलाच दिसते.

फक्त चोकवर चालते, चोक काढला की बंद

चोक ओढल्यावर हवा कमी होते आणि मिश्रण पेट्रोलने दाट होते. गाडी चोकवरच चालत असेल, तर तिला एरवी पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त मिळते आहे. कार्बोरेटर नुकताच धुतला असेल तर पायलट जेटवर पहिला संशय. टाकीतला गंज, जुन्या पेट्रोलचा चिकट थर, पुसायला वापरलेल्या कापडाचा एखादा धागा, यातले काहीही त्या भोकात बसते. जेट उजेडाकडे धरून पाहिल्यावर पलीकडचा उजेड गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. तो साफ करायला तार किंवा सुई घालू नये. पितळ मऊ असते, भोक रुंदावते आणि मग ती गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा पुरेशी आहे. पंक्चरवाल्याकडची हवाही चालते. फक्त फवारा आणि हवा जेटच्या भोकाइतकीच कार्बोरेटरच्या अंगातल्या बारीक वाटांतूनही मारावी, कारण अडथळा अनेकदा तिथे असतो. हे करताना रबराचे भाग आणि फ्लोट बाजूला काढून ठेवावेत. काही क्लीनर रबर फुगवतात.

फुगलेल्या रबराबद्दल आणखी थोडे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या गाड्यांतली काही रबरे त्याला पुरी पडत नाहीत. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढून तिचा कार्बोरेटर धुतला आणि टाकीत तेच जुने पेट्रोल ठेवले, तर आठवड्यात तक्रार परत येते. कार्बोरेटर धुण्याआधी टाकी पाहावी.

जेट स्वच्छ असूनही गाडी चोक मागत असेल, तर हवा चोरवाटेने शिरत आहे.

रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही

या तक्रारीची तीन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता येतात.

सोपे कारण केबलचे. गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवावे. हँडल वळवताच रेस वाढली, तर केबल फार ताणलेली आहे किंवा टाकी परत बसवताना तिच्याखाली चेपली आहे. मुठीला फिरण्याआधी काही मिलिमीटरची मोकळीक असावी लागते. हा दोष किरकोळ वाटतो. पण वळणावर हँडल वळल्यावर गाडीने स्वतःहून वेग घेणे किरकोळ नाही.

दुसरे कारण कार्बोरेटरमधल्या स्लाइडचे. साध्या कार्बोरेटरमध्ये मुठीच्या केबलला एक दंडगोल स्लाइड लटकलेली असते. तिच्या बाजूला एक खाच असते, ती आतल्या खुंटीवर बसते. खालचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या दिशेला येतो. घाईत स्लाइड उलटी किंवा तिरकी बसली, तर ती पूर्ण खाली जात नाही आणि इंजिन सुरू होताच रेस चढते. म्हणून किक मारण्याआधीच मूठ पिळून सोडावी. आतून 'टक्' असा स्वच्छ आवाज येऊन स्लाइड तळाला बसली पाहिजे. आवाज आला नाही तर इंजिन सुरूच करू नये. काही गाड्यांत स्लाइडऐवजी रबरी पडद्यावर चालणारा पिस्टन असतो. तिथे झाकण लावताना पडद्याची कड चिमटली जाते. स्लो ठीक असतो, पण रेस देताना गाडी अडखळते.

तिसरे कारण चोरवाटेची हवा, आणि घरच्या दुरुस्तीनंतर सर्वांत जास्त वेळा सापडते ते हेच. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये एक जोडनळी असते, तिच्या दोन्ही तोंडांना रबरी रिंग किंवा पॅकिंग. जुनी रिंग चपटी झालेली असते, नवी खाचेतून निसटते, किंवा दोन बोल्टपैकी एक आधी पूर्ण आवळल्यामुळे जोड तिरपा बसतो. लक्षण असे, की रेस सोडल्यावर इंजिन क्षणभर वरच थांबते, मग रेंगाळत खाली येते; गार असताना ठीक, गरम झाले की बिघडते.

ही गळती शोधायला काही जण चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारतात. पद्धत काम करते, पण शेजारी गरम सायलेन्सर आणि प्लगची ठिणगी असताना ती करू नये. फवाऱ्याच्या बाटलीतून जोडावर थोडे साधे पाणी मारले तरी स्लो क्षणभर बदलतो आणि जागा कळते. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. रिंगेची किंमत चहाच्या दोन कपांइतकी असते. जुनीच परत बसवण्याची काटकसर इथे अंगाशी येते.

काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळा

उलट बाजूचा दोष म्हणजे पेट्रोल जास्त होणे. चोक अर्धा ओढलेला राहिला आहे का, हे आधी पाहावे. याच एका कारणासाठी कार्बोरेटर दुसऱ्यांदा उघडल्याची उदाहरणे भरपूर आहेत. मग एअर फिल्टर. धुतलेला फोम ओला असतानाच बसवला, किंवा त्याला तेल फार पाजले, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यानंतर फ्लोट. सुईखाली कचरा अडकला किंवा फ्लोटची पत्र्याची जीभ हाताळताना वाकली, की पेट्रोलची पातळी चढते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडू लागतात.

प्लग काढून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. काही किलोमीटर चालवलेल्या गाडीच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरे आहे. कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर पेट्रोल कमी किंवा इंजिन फार गरम. तेलकट ओले असेल तर ऑइल वर येत आहे. काळा प्लग घासून परत लावल्यावर गाडी दोन दिवस सुधारते, त्यावरून प्लगचाच दोष होता असे मानणे ही नेहमीची फसगत.

एक वेगळाच प्रकार: गाडी दहा मिनिटे उत्तम चालते, मग स्लो पडत पडत बंद होते, थांबून परत सुरू केली की पुन्हा दहा मिनिटे. टाकीचे झाकण उघडल्यावर 'हुश्श' आवाज आला, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. टाकी धुताना किंवा रंगवताना हे होते.

स्क्रू दोन, कामे वेगळी

कार्बोरेटरवर बाहेरून फिरवता येणारे दोन स्क्रू असतात. मोठा स्क्रू स्लाइड किती वर टेकलेली राहील ते ठरवतो, म्हणजे फक्त वेग. लहान स्क्रू मिश्रण ठरवतो. वेगाच्या स्क्रूने रेस वाढवून बंद पडणारी गाडी चालू ठेवता येते, पण त्याने मूळ दोष झाकला जातो, सुधारत नाही.

मिश्रणाचा स्क्रू कोणत्या बाजूला आहे यावर त्याची दिशा अवलंबून असते. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा नियंत्रित करतो: आत फिरवल्यास हवा कमी, मिश्रण दाट. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल नियंत्रित करतो: आत फिरवल्यास पेट्रोल कमी, मिश्रण पातळ. हा फरक न पाहता शेजाऱ्याच्या गाडीवर शिकलेली युक्ती आपल्या गाडीवर वापरली, की घोळ होतो. स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवावे. टेकल्यावर जोर लावू नये. टोक सुईसारखे असते आणि वाकते. मोजायचे राहूनच गेले असेल, तर टेकवून दीड ते दोन फेरे बाहेर, ही बहुतेक ठिकाणी चालणारी सुरुवात.

जुळवणी पूर्ण गरम इंजिनावरच करावी. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन जिथे सर्वांत वर आणि सर्वांत सुरळीत फिरते ती जागा शोधायची, मग मोठ्या स्क्रूने वेग खाली आणायचा, आणि एकदा पुन्हा तेच. लहान स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर जुळवणी थांबवून पायलट जेटकडे किंवा हवेच्या गळतीकडे परत जावे. पीयूसी चाचणीत स्लोवरच कार्बन मोनॉक्साइड मोजतात, त्यामुळे कानाने जुळवलेली गाडी तिथे नापास झाली तर मिश्रण दाट राहिले आहे असे समजावे.

टॅपेट: आवाज करणारा बरा, गप्प झालेला वाईट

घरी होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महाग पडणारी चूक इथे आहे, आणि ती कानाला सुखावणारी असते.

व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. लहान इंजिनांत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि इनलेट व एक्झॉस्टचा वेगळाही असू शकतो. फट वाढली की हेडमधून टिकटिक येते. ती टिकटिक नकोशी वाटते, म्हणून टॅपेट 'टाइट' केले जातात. इंजिन छान शांत होते. पण फट उरलीच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. किक हलकी लागते, कॉम्प्रेशन निसटते, गरम झाल्यावर स्लो टिकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे त्याहून वाईट होते: तो आपली उष्णता बसकेला टेकलेला असतानाच बाहेर देतो. टेकायलाच मिळाले नाही की त्याची कड जळते, आणि मग काम हेड उतरवण्यावर जाते. थोडी टिकटिक राहिलेली गाडी मात्र वर्षानुवर्षे चालते.

जुळवणीनंतर आवाज वाढला असेल तर बहुधा पिस्टनची स्थिती चुकली आहे. मॅग्नेटवरची 'टी' खूण खिडकीत दोनदा येते: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. फट फक्त कॉम्प्रेशनच्या वेळी मोजायची असते. तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने हलतात. दुसऱ्या वेळी व्हॉल्व्ह किंचित दाबलेले असतात. तिथे घेतलेले माप नंतर कितीतरी मोठी फट ठरते आणि हेडमध्ये जणू शिवणयंत्र सुरू होते. दुसरी चूक लॉकनटची. नट आवळताना आतला स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर फिलर गेज पुन्हा घालून पाहणे आवश्यक असते. पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. आणि हे सगळे रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. तासाभरापूर्वी चालवलेल्या गाडीचे माप धरू नये.

आवाजाची जागा कशी शोधावी?

लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की आवाज स्पष्ट होतो. हेड, सिलिंडर, क्लचची बाजू, मॅग्नेटची बाजू असे क्रमाने ऐकावे. ओढणी, पदर, सैल बाही चेन आणि चाकापासून दूर ठेवावी.

व्हॉल्व्हचा आवाज आणि क्रँकचा आवाज यांत वेगाचा फरक असतो. चार स्ट्रोक इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. 1400 फेऱ्यांच्या स्लोला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण 12 वेळा वाजेल, क्रँकशी जोडलेला दोष 23 वेळा. मोजता येत नाही, पण पहिला आवाज सुटा-सुटा टिकटिक असा वाटतो आणि दुसरा भरभर, सलग.

सिलिंडरच्या एका बाजूने खरखर, आणि रेस सोडताना ती वाढत असेल तर टायमिंग चेन सैल आहे. हेड किंवा सिलिंडरचे पॅकिंग बदलताना चेनचा टेन्शनर काढला असेल, तर तो बसवण्याआधी आत दाबून आणि बसवल्यावर मोकळा सोडावा लागतो. मोकळा सोडायचा राहिला तर चेन सैलच राहते. आत न दाबताच बोल्टने ओढून बसवला तर चेन नको इतकी ताणली जाते. सैल चेनने दात सोडला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतात, त्यामुळे या खरखरीबरोबर गाडी चालवू नये.

क्लचचा लिव्हर दाबल्यावर आवाज थांबत किंवा बदलत असेल तर शोध क्लचच्या बाजूला. ऑइल बदलल्यावर क्लच घसरू लागला तर डबा पाहावा: क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि मोटारींसाठीचे ऑइल त्याला घसरवू शकते. दुचाकीच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-2' असे लिहिलेले असते. ऑइल जास्त भरणेही वाईट. ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाते, निळा धूर येतो आणि स्लो बिघडतो. अनेक गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. फिरवून पाहिल्यास पातळी जास्त दिसते.

प्लगपाशी 'फस् फस्' येत असेल तर प्लग सैल आहे किंवा आटे तिरपे गेले आहेत. नवा प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत बसवावा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. प्लगची टोपी नीट बसली नसेल तर बारीक टिकटिक आणि मिसिंग असे दोन्ही येते. अंधारात पाहिल्यास निळी ठिणगी हेडवर उडताना दिसते. सायलेन्सर काढून परत बसवला आणि रेस सोडताना फटाके वाजू लागले, तर तोंडाशी असलेले पॅकिंग बदललेले नाही किंवा सेकंडरी एअरची नळी निसटली आहे. एअर फिल्टरचे झाकण नीट बसले नाही तर रेस देताना घोंघों आवाज वाढतो, आणि धूळही थेट इंजिनात जाते.

उभ्या गाडीत न येणारा आणि चालताना येणारा आवाज बहुधा इंजिनाचा नसतोच. चेन ताणल्यावर हुंकारासारखा आवाज येऊ लागला तर ती फार ताणली आहे. या गाड्यांत मधोमध साधारण 20 ते 30 मिलिमीटर झोल लागतो. तो तपासताना किंवा चेन पुसताना चाक हातानेच फिरवावे. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि हातात फडके, या पद्धतीत चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोटे जातात.

सगळेच आवाज दोष नसतात. इंजिन बंद केल्यावर सायलेन्सरची टिणटिण ही धातू गार होण्याची. रात्रभर उभी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद हेड वाजणे म्हणजे ऑइल वर पोहोचेपर्यंतचा वेळ. तो आवाज टिकून राहिला तरच काळजी. आणि पुष्कळदा 'इंजिनाचा' वाटणारा खुळखुळाट हा साइड पॅनेलच्या एका राहिलेल्या स्क्रूचा असतो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आणि मोटारी

इथे फिरवायला मिश्रणाचा स्क्रू नाही, आणि थ्रॉटल बॉडीवरचा कारखान्यात लावलेला टेकूचा स्क्रू हलवू नये. चावी फिरवल्यावर टाकीतून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर पंपाचा कनेक्टर जोडायचा राहिला आहे. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी धुतली असेल तर संगणकाने शिकलेला स्लो पुसला किंवा चुकीचा ठरू शकतो आणि काही काळ तो वर-खाली होतो. बऱ्याच गाड्या थोड्या वापरात तो पुन्हा शिकतात. काहींना पुस्तिकेत दिलेली ठरावीक क्रिया लागते. इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर तो कोड वाचून घ्यावा. अंदाजाने सेन्सर बदलणे कार्बोरेटरपेक्षा कितीतरी महाग पडते.

मोटारीत स्लो सहसा मिनिटाला 700 ते 850 फेऱ्यांच्या दरम्यान असतो. एअर फिल्टर बदलल्यानंतर स्लो बिघडला तर फिल्टरनंतरच्या पाइपची क्लिप, आणि त्याच्या आसपासची एखादी निसटलेली बारीक नळी हे पहिले संशयित. बेल्ट बदलल्यावर सकाळी किंचाळणारा आवाज आला तर ताण कमी आहे किंवा बेल्टवर तेल लागले आहे.

मेकॅनिककडे नेताना

इतके पाहूनही उत्तर मिळाले नाही, तर गाडी न्यावी. जड ठकठक, टायमिंग चेनची खरखर किंवा रेस अडकणे असेल तर चालवत न नेता ढकलत किंवा टेम्पोतून. तिथे सांकोच न करता काय काय उघडले, कोणता स्क्रू किती फिरवला आणि तक्रार गार असताना येते की गरम झाल्यावर, हे सांगावे. 'अचानक असे झाले' म्हटले की तो टाकीपासून शोध सुरू करतो आणि त्या वेळाचे पैसे गाडीमालकच देतो. आवाज येत असतानाचे फोनवरचे रेकॉर्डिंग सोबत असावे, कारण गॅरेजच्या दारात पोहोचल्यावर आवाज थांबलेला असण्याची शक्यता बरीच असते. काढलेले जुने पॅकिंग, रिंग आणि उरलेला एखादा वॉशर पिशवीत घालून न्यावा. तो वॉशर कुठला, हे पाहताच मेकॅनिकला निम्मे उत्तर मिळते.